बसलेय की नाही

आमच्या घरात एका ट्रॅमवरून वाद होता. बाबांचं म्हणणं, ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईतली शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा तिच्यात मी त्यांच्या कडेवर होते. आईचं म्हणणं, "काहीतरीच! अकरा महिन्यांची पोर, त्यात सर्दीने बेजार, तिला रात्री त्या गर्दीत कोण नेईल? हे एकटेच उंडारायला गेले होते." दोघंही आता नाहीत, निकाल राहिलाच. मी मात्र जन्मभर बाबांच्या बाजूने साक्ष दिली. ट्रॅमचा विषय निघाला की म्हणायचं, "मी बसलेय." आठवत काही नाही.

परवा हे सगळं वर आलं ते स्टुटगार्टला. लेकीकडे आलेय. रविवारी दुपारी जेवून जरा आडवी होणार, तर नातू म्हणाला, आजी, बाड कानश्टाटच्या ट्रॅम म्युझियममधून जुनी गाडी सुटते, चल. गाडी पिवळी, दोन डबे मध्ये सांध्याने जोडलेले. नाव जीटी फोर. त्यातला 'जी' गेलेंकचा. गेलेंक म्हणजे सांधा. गुडघ्याच्या सांध्यालाही जर्मनमध्ये हाच शब्द, हे मला माहीत होतं, कारण महिनाभरापूर्वी त्यासाठीच डॉक्टरकडे जाऊन आले होते.

दार उघडलं आणि समोर पायऱ्या! इथल्या आताच्या गाड्यांमध्ये फलाटावरून सरळ आत पाऊल टाकायचं, उंबरठ्याइतकंही चढायला नाही. चढणं मी विसरूनच गेले होते. एसटीची ती पहिली पायरी आठवतेय ना? लहानपणी माझ्या कमरेशी यायची. बाबा बखोट धरून उचलायचे, फ्रॉक वर जायचा, मागचा माणूस ट्रंक ढोपरावर आपटायचा, आणि आत पोचल्यावर वाटायचं, आता खरं गावाला निघालो. सपाट चालत आत शिरलं की निघाल्यासारखं वाटतच नाही बाई मला. लिफ्टमध्ये शिरल्यासारखं वाटतं. मी दांडा पकडला, म्युझियमच्या आजोबांनी पुढे केलेला हात नाकारला (उगीचच), आणि चढले.

नातू तोवर सांध्याशी जाऊन उभा. भात्यासारख्या घड्यांच्या भिंती, गाडी वळली की एक बाजू मिटते, दुसरी उलगडते. कुणीतरी हार्मोनियम वाजवतंय आणि आपण तिच्या पोटात, तसं. त्याने सांगितलं, प्रत्येक डब्याखाली एकच बोगी, म्हणजे चाकांचा गाडा, आहे, एकटा डबा उभाच राहू शकत नाही. म्हणून सांध्याच्या खालून एक चौकट दोन्ही बोग्यांना धरून ठेवते. मला आई-बाबाच आठवले. त्यांच्यात ती चौकट बहुधा मी होते.

गाव वाटीसारखं आहे, ट्रॅम वाटीच्या काठाकडे चढते, टीव्ही टॉवरच्या दिशेने. वाटेत रस्त्यात दोनऐवजी तीन रूळ दिसतात: जुन्या गाड्या मीटर गेजच्या, म्हणजे दोन रुळांत मीटरभर अंतर, नव्या रुंद, एक रूळ सामाईक. जीटी फोर गाड्या या शहरासाठी ३५० बांधल्या, १९५९ ते १९६५ या काळात, पलीकडच्या एस्लिंगनच्या कारखान्यात. म्हणजे आम्ही आमच्या शेवटच्या ट्रॅमला हार घालत होतो, तेव्हा यांच्या नव्या येतच होत्या. आणि १९६८ मध्ये मुंबई आणि स्टुटगार्ट भगिनी शहरं झाली! बहिणीच्या दारात साडेतीनशे ट्रॅम, आमच्याकडे रूळसुद्धा उखडायला घेतलेले. यांच्याही डिसेंबर २००७ मध्ये नेहमीच्या सेवेतून गेल्या म्हणा. काही रुमानियात गेल्या, एक तर जपानमध्ये फुकुईला आहे. म्हातारपणी परदेशी लेकराबाळांकडे जाऊन राहिल्यासारखं.

आमच्याकडे काय उरलं? दादर टी.टी. टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस, हे आता टॅक्सीवाल्याला माहीत नसतं, माझ्या भावालाही नव्हतं. त्याला ते तिकीट तपासनिसाशी संबंधित वाटायचं.

चढावर गाडी घुमायला लागली तेव्हा मी डोळे मिटले. म्हटलं, बघू तरी, अंगाला काही आठवतंय का. अकरा महिन्यांच्या अंगाला. घरघर आली, गदगद आली, जळक्या लोखंडासारखा वास आला, आणि आठवली ती पुन्हा एसटीच. कंडक्टरने पंचिंगच्या चिमट्याने दांड्यावर केलेली टकटक. आई जिंकली असावी.

उतरताना पायऱ्यांवरून उलटी उतरले, जहाजावरून उतरतात तशी. नातवाने विचारलं, "आजी, तू याआधी कधी ट्रॅममध्ये बसली होतीस?"

"हो तर," मी म्हटलं. "मुंबईच्या. शेवटच्या."