बेरीज १३०

सकाळी सकाळी गॅस संपला आणि 'नंबर लावायचं नेहमी मीच का लक्षात ठेवायचं?' यावरून आमचं वाजलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, भांडणाचा दर्जा काही सुधारत नाही. शेवटी दुधाच्या बिलामागे दोघांनी लपवून लिहिलं, घरातलं किती टक्के काम मी करते/करतो. माझे ८०, ह्यांचे ५०. बेरीज १३०!

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात जोडप्यांना असंच विचारलं होतं, १९७९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही बहुतेकांची बेरीज शंभरापुढे गेली. आपण केलेलं पटकन आठवतं, दुसऱ्याचं डोळ्यांसमोरच येत नाही. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यातला वाटाही लोकांनी स्वतःकडेच जास्त घेतला! (आमच्याकडे एवढा मोठेपणा कोणी दाखवला नाही.)

मग यादी काढली. आईंच्या बीपीच्या गोळ्या आणणं, रात्री पाण्याची मोटर बंद करणं, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसणं... यातलं मी काहीच धरलं नव्हतं. ह्यांनी मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजणंही लिहिलं होतं, ते खोडलं.

सध्या मी ७० वर आलेय. त्याखाली उतरणार नाही. नंबर ह्यांनी लावला.