तुम्ही विचारलंत म्हणून: लपवायला काही नाही, तर भीती कशाची?

"काकू, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? ऐकू दे सरकारला फोन." मी वकिली करते म्हणून हे मला शेजारणीही विचारतात आणि कोर्टातली नवी मुलंही. बहुतेकदा कुठेतरी स्फोट झाल्यावर.

विचारणाऱ्यांची भीती खरी आहे. मार्च २००८मध्ये याच इंदूरमध्ये बंदी असलेल्या सिमी या विद्यार्थी संघटनेचे १३ जण पकडले गेले. त्यातल्या ११ जणांना २०१७ साली इथल्याच कोर्टानं जन्मठेप दिली. अशांच्या मागावर पोलिसांनी राहायलाच हवं.

पण माझ्या कपाटात १९७६ सालचं एक आंतर्देशीय पत्र आहे. आणीबाणीत बाबा मिसाबंदी होते, म्हणजे मिसा कायद्याखाली खटल्याविना डांबलेले; त्यांनी तुरुंगातून आईला लिहिलेलं. कडा फोडून परत डिंकानं चिकटवलेली, डिंकाच्या डागाखाली दोन शब्द गेलेले, आणि मधल्या दोन ओळींवर काळी शाई फिरवलेली. वरच्या ओळीत माझा दुधाचा दात पडला का, अशी चौकशी. खालच्या ओळीत वाण्याची उधारी. मधे काय होतं, ते सुटून आल्यावर बाबांनाही आठवेना. आई कितीतरी वर्षं ते पत्र खिडकीपाशी उजेडात धरून बघायची. मिसा कायदा १९७१ साली देशाच्या सुरक्षेसाठीच केलेला होता.

आज कागदावर बंधनं आहेत. फोन ऐकायचा तर गृहसचिवांचा आदेश हवा आणि तो समितीनं तपासावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये बजावलं. आदेश दोन महिन्यांचा, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही. २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल वाचताना मला आईची खिडकी आठवली होती.

घोडं अडतं ते समितीत. केंद्राच्या समितीत कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. म्हणजे हुकूम काढणारे सरकारचे आणि तपासणारेही सरकारचेच. माहिती-संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या अहवालात माहितीच्या अधिकारातून मिळालेला आकडा आहे: एकट्या केंद्राचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश. आदेश तपासणारी सचिवांची समिती बसते दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार. तिघांनी ते वाचायचे तरी कसे? १८८५चा तार कायदा जाऊन २०२३चा दूरसंचार कायदा आला, तरी २०२४च्या नियमांत पुन्हा सचिवांचीच समिती.

ब्रिटननं २०१६मध्ये वेगळी वाट धरली. तिथे मंत्र्याच्या हुकमाला न्यायिक आयुक्ताची, म्हणजे आजी किंवा माजी वरिष्ठ न्यायाधीशाची, मंजुरी लागते. अगदीच घाई असेल तर हुकूम आधी निघतो आणि आयुक्ताचा निर्णय तीन कामाच्या दिवसांत होतो. म्हणजे न्यायाधीश मधे आला की तपास खोळंबतो, हे म्हणणं मला पटत नाही.

परवा शेजारणीनं मला पेचात धरलं, "मग न्यायाधीशानं हो म्हटलं, तर तुमचा फोन ऐकलेला चालेल?"

चालेल. मात्र काम संपल्यावर मला कळवा, की ऐकला होता.