बचावपटू ॲलन पेज

आमच्या सेलूच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळणारा पोरगा आहे. घोट्याला हात घातला की सुटका नाही. बारावी झाली आणि वडील मला म्हणाले, "सर, लेकराचं भरतीचं वय निघून चाललंय. कॉलेजात जाऊन काय करायलंय त्यानं?" त्यांचं खोटं नाही. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती डोळ्यासमोर आहे. पण खेळ की पुस्तक, एकच निवड, हे मला मान्य नाही. त्या घरी मी ॲलन पेजचं नाव काढलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे. पेज बचावाच्या पहिल्या फळीत, अगदी मधोमध. समोरची भिंत फोडून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आडवा करायचं, हे त्याचं काम. १९६७ पासून तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळला. १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोवर हा मान कुठल्याच बचावपटूला मिळाला नव्हता, आणि नंतरही फक्त लॉरेन्स टेलरला मिळाला, १९८६ साली. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, मात्र हरला. चारही!

मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. लॉ कॉलेजला एकदा नाव घालून त्यानं लवकरच सोडलं होतं. पुन्हा घातलं, आणि खेळता खेळताच १९७८ साली मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. धावायच्या नादानं वजन घटलं होतं. त्याच वर्षी व्हायकिंग्जनं त्याला काढलं. शिकागो बेअर्सनं अवघ्या १०० डॉलरमध्ये घेतलं. तिथं तो १९८१ पर्यंत खेळला. १५ हंगामांत एकही सामना चुकवला नाही.

पुढं १९९२ मध्ये मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तिपदासाठी निवडणूक लढवायची (तिथं न्यायमूर्ती मतदानानं निवडतात), तर राज्यपालांनी आधीच्या न्यायाधीशांची मुदत वाढवून ठेवलेली. पेज कोर्टात गेला, निवडणूक घ्यायला लावली आणि जिंकली. त्या न्यायालयातला पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. ७० वर्षं पूर्ण झाल्यावर, २०१५ साली निवृत्त झाला.

कँटन हे त्याचं गाव. तिथल्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या संग्रहालयाच्या, इमारतीच्या बांधकामावर त्यानं पोरवयात काम केलं होतं. १९८८ साली तिथंच त्याचा सन्मान झाला, तेव्हा आपली ओळख करून द्यायला त्यानं कोचला नाही, मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. भाषणही शिक्षणावरच केलं. हे मी त्या वडिलांना दोनदा सांगितलं.

त्याच वर्षी सुरू केलेल्या त्याच्या संस्थेची शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांना धाकट्या लेकरांच्या अभ्यासासाठी वेळ द्यावाच लागतो. मला ही अट फार आवडली. जूनपासून आमची मोठी पोरं सराव सुरू होण्याआधी सातवीच्या लेकरांचं गणित घेणार आहेत. कोपऱ्यावरचा तो पोरगा बी.ए.ला बसलाय, भरतीचं पळणंही चालूच आहे. गणिताचा पहिला गट त्याच्याकडेच दिलाय.