लिथियमच्या जोडीला पूरक गोळ्या: माझा अनुभव

बायपोलरसाठी (कधी उदासी, कधी उन्माद अशा फेऱ्या येणारा मनाचा आजार) मी लिथियम घेतो. जोडीला ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि फिश ऑइल. यातलं काहीच लिथियमच्या जागी चालत नाही. म्हणून नवीन काही सुरू करण्याआधी रक्ताचा रिपोर्ट आणि मानसोपचारतज्ज्ञांचा होकार, दोन्ही लागतात. त्यांच्याकडे जाताना डब्याच घेऊन जातो, कारण कामाचा मजकूर मागच्या बारीक अक्षरांत असतो. आणि एका वेळी एकच गोळी सुरू करायची. दोन एकदम सुरू केल्या तर पोट कशाने बिघडलं, झोप कशाने उडाली, काही कळत नाही.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, जेवणासोबत घ्यायची असते. काही जण ती रोज घेतात आणि कॅल्शियम चढतं. त्यात लिथियममुळे काहींच्या पॅराथायरॉइड ग्रंथी मुळातच जास्त काम करून रक्तातलं कॅल्शियम वाढवतात. त्यामुळे कॅल्शियम तपासल्याशिवाय ही पुडी घ्यायची नाही. कॅल्शियम वाढलं की तहान, बद्धकोष्ठ, मरगळ. मरगळ आली की उदासीची फेरी सुरू झाली असंच वाटतं, ही खरी पंचाईत.

फिश ऑइलच्या डबीवर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. त्यातल्या ओमेगा-३ चे मुख्य प्रकार दोन, ईपीए आणि डीएचए. उदासीसाठी ज्याचा थोडाफार उपयोग दिसतो ते ईपीए साध्या कॅप्सूलमध्ये १८० मिलिग्रॅमच असतं, सोबत १२० डीएचए. एक ग्रॅम ईपीए हवं तर अशा पाच-सहा कॅप्सूल होतात. जवसाची चटणी जरूर खावी, पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए फारच थोडं बनतं.

केस गळतात म्हणून बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेणारे पुष्कळ. केसांच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं आणि लॅबच्या काही यंत्रांना चकवतं: टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) खोटं कमी दिसतं. लिथियमने थायरॉइड मंदावतं तेव्हा टीएसएच वाढायला हवं, ते असं झाकलं जातं. थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू असेल तर त्यात आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर.

लॅमोट्रिजिन (बायपोलरचंच आणखी एक औषध) घेणाऱ्यांनी फॉलिक अॅसिडबद्दल विचारून घ्यावं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत फॉलिक अॅसिड घेणाऱ्यांना लॅमोट्रिजिनचा फायदा दिसला नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये ते असतं. अर्थात गरोदरपणात किंवा त्याची तयारी असताना ते आपल्या मनाने बंद करायचं नाही.

अश्वगंधा मी घेत नाही. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे घरोघरी ऐकू येतं. पण ते थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकतं आणि झोपेच्या गोळीची गुंगीही. सेंट जॉन्स वर्ट (उदासीसाठी विकली जाणारी वनस्पती) आणि ५-एचटीपी (ज्यापासून शरीरात सेरोटोनिन बनतं ती पूरक गोळी) तर उदासीच्या गोळ्यांसोबत नकोतच. सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

लिथियमची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी बघतात. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. रक्त घ्यायची नळी लिथियम हेपरिनची (रक्त गोठू न देणारं रसायन) नको, त्यातलंच लिथियम मिसळून आकडा फुगतो. नळी कुठली ते लॅबवाल्याला विचारायला लाजायचं नाही. डॉक्टर लेव्हल बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटरवर ठेवतात. मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतं आणि हा आकडा चढतो. त्यामुळे निर्जळी एकादशी, बिनमिठाचं डाएट, सूज उतरवणारी मूत्रल चूर्णं, सगळं डॉक्टरांना विचारून. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल; आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नाही, त्यांनीही लेव्हल चढते. जुलाब-उलट्या लागल्या, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, जीभ जड झाली किंवा तोल जाऊ लागला, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन आणि त्याच दिवशी लेव्हल. फोन लागला नाही तर सरळ दवाखाना गाठायचा, डब्यांची पिशवी बरोबर घेऊन.