आईचा तंबोरा

सदाशिव पेठेतलं घर सोडून कोथरूडला आलो, तेव्हा आईचा तंबोरा टेंपोत गादीच्या आधाराने ठेवला होता. उतरवताना गादी सरकली आणि कपाट त्याच्यावर कललं. गवसणी काढली तर भोपळ्याला वीतभर भेग, आणि मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग फुटून आत गेलेला. आई जाऊन सातच महिने झाले होते. मी तिथेच फरशीवर बसले.

गवसणी झटकली नाही, हे फार बरं झालं. नखाएवढे तुकडेही वेचून डब्यात भरले. तारा लगेच सैल केल्या, कारण ताण तसाच राहिला तर भेग वाढत जाते. पुण्यात एका दुकानात म्हणाले, "यात आता काही राहिलं नाही, नवा घ्या." मग मिरजेला नेला. तिथल्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली ऐकायला आई तरुणपणी गेली होती, तेव्हाच तिने हा घेतला होता.

सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर ठिकठिकाणी बोटाने वाजवून पाहिलं. "तुकडे आणलेत न्हवं? मग हुतंय काम." नवा भोपळा घालणं सोपं आणि लवकर होणारं, हेही त्यांनी सांगितलं. मंगळवेढा-पंढरपूर भागातले वाळवलेले भोपळे वर टांगलेलेच होते. पण मला हाच हवा होता.

तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी, उघडावी लागली. तुकडे एकेक करून जागच्या जागी चिकटवले, भेगेला आतून कापडाच्या पट्ट्या लावल्या. पावसाळी हवा, त्यामुळे वाळायलाच तीन आठवडे गेले. पॉलिशच्या आधी मी फोन करून एकच विनंती केली. दांडीवर आईचा अंगठा टेकायचा तिथलं लाकूड झिजून फिकट झालंय, तेवढी जागा सोडा. चाचांनी त्यावर कागद चिकटवून ठेवला. दुरुस्तीला वाद्य देणाऱ्या प्रत्येकाने अशी गोष्ट आधीच सांगावी. एकदा पॉलिश चढलं की गेलंच.

जवारीसाठी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून झंकार आणण्यासाठी, मात्र मी समोर बसले. "पट्टी कुठली?" त्यांनी आधी विचारलं. काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. त्या पट्टीला तार चढवायची, ऐकायची, उतरवायची, घोडीवर कानस दोनदा हलकेच फिरवायची, फुंकर मारायची, पुन्हा चढवायची. पंचम आणि जोडाच्या तारा लवकर जमल्या. खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार, बसकाच येत होता. दीड तास ते त्या एका तारेशी होते. शेवटी तारेखालचं सूत केसभर पुढे सरकवलं, आणि खर्ज उमलून आला, गल्लीतल्या गाड्यांच्या आवाजातही त्यातून आपोआप उमटणारा गंधार स्पष्ट ऐकू आला. पहाटे स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू यायचा तोच आवाज. माझ्याने बोलवेना. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला वाटतं, ते खरं या कानांना मिळालं.

प्रवासात सूत हललं होतं. घरी आल्यावर चाचांनी दाखवलं तसं ते जागेवर आणलं. भेगेची रेघ पॉलिशखालून अजून दिसते.