बावीस दिवस आणि सतराचा पाढा

२० डिसेंबर, शनिवार

काल येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. माहेरच्या शेतात, रेणापूरजवळ. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबिल झालं आणि सगळे ज्वारीच्या कडेला सावली धरून आडवे झाले. तेव्हा धाकट्या भावानं फोन माझ्यापुढं धरला. "अक्का, तुझं नाव टाकलंय. दहा किलोमीटर. ११ जानेवारीला, लातूरला." नावं द्यायची शेवटची तारीख होती, म्हणून न विचारताच टाकलं म्हणाला. त्याचं आहे, वहिनीचं आहे, आता माझंही.

मी त्याला रागवले नाही. किती दिवस राहिलेत, एवढंच विचारलं. आजपासून मोजले तर बावीस.

माझं वय एकोणचाळीस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, अंबाजोगाईहून रोज स्कूटीनं जाऊन येऊन करते. जीव तोडून शेवटचं पळाले ते २०१६ च्या उन्हाळ्यात, टँकरमागं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. हॉर्न ऐकला की हातात असेल ते टाकून पाइप घेऊन पळायचं. ज्याचा पाइप आधी टाकीत पडेल, त्याचं पिंप भरायचं. लेक तेव्हा सहा महिन्यांची होती, पाळण्यात रडत असायची. धाप लागायची का, पाय दुखायचे का, यातलं काहीच आठवत नाही. आठवतो तो फक्त पाइपाचा रबरी वास. काल भाऊ "दहा किलोमीटर" म्हणाला आणि तोच वास आला.

२२ डिसेंबर, सोमवार

पहाटे पावणेसहाला कॉलेजच्या ग्राउंडवर गेले. रस्त्यावर पळायचं नाही हे कालच ठरवलं होतं. कारखाने सुरू आहेत, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रात्रभर चालू असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नसते.

मला वाटलं होतं ग्राउंड रिकामं असेल. तिथं तीसेक पोरंपोरी होती. चुन्यानं चारशे मीटरचा गोल आखलेला, एका कोपऱ्यात गोळाफेक, दुसरीकडं शंभर मीटरचे स्टार्ट. सगळी पोलीस भरतीची. मी एक राऊंड पूर्ण केला, दुसऱ्याच्या अर्ध्यात थांबले आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिले. एक उंच पोरगी जवळ आली.

"ताई, भरतीचं करायलाव का?"

नाही म्हणाले. लातूरची शर्यत आहे, दहा किलोमीटर, असं सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्याचे मार्क कशात धरतेत?" कशातच नाही म्हटल्यावर ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली. प्रश्न तिनं मनापासून विचारला होता. तिच्यासाठी पळणं म्हणजे आठशे मीटर. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २०. त्याच्या वर गेलं की थेट १८. पोरांना सोळाशे मीटर असतं, तिथं ५ मिनिटं १० सेकंद. हिचं सध्याचं टायमिंग २ मिनिटं ५८. आठ सेकंद म्हणजे दोन मार्क, आणि मागच्या भरतीत ही एका मार्कानं यादीबाहेर राहिली. आईबाप कोयत्यावर गेलेत, ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात. ही आजीजवळ राहते.

आपल्याकडं माणूस पळतो ते कशासाठी तरी. नोकरीसाठी, पाण्यासाठी, एसटी सुटू नये म्हणून. नुसतं पळायला आलेली त्या ग्राउंडवर मी एकटीच होते, आणि त्याचा मला दिवसभर संकोच वाटत राहिला.

२७ डिसेंबर, शनिवार

चूक केली. सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस पळाले आणि पाचही दिवस जमेल तितकं जोरात. दिवस थोडे आहेत, तेव्हा रोज पळायला पाहिजे, असं डोक्यात बसलं होतं. काल संध्याकाळी वर्गात फळ्यापाशी उभं राहवेना. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूनं, घोट्याच्या वर वीतभर, नुसती ठणक.

हाडांच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी बोटानं नडगी खालून वर दाबत नेली. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं असतं तर हाडाला चीर जात असल्याची शंका घ्यावी लागली असती, म्हणाले. माझं दुखणं पसरट निघालं. चार दिवस पळणं बंद, बर्फाचा शेक, चालायला हरकत नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मला पहिल्याच दिवशी माहीत हवं होतं. दम लवकर वाढतो, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. हाडं आणि शिरा मात्र सावकाश तयार होतात. माणसाला वाटतं आपल्याला आता जमतंय, आणि नेमकं तेव्हाच पाय दुखावतो.

बुटांचंही तसंच. मी घेतलेले बूट दुकानदारानं "पळून पळून सैल पडतील" म्हणून दिले होते. आज संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून एक नंबर मोठे घेतले. पळताना पाय फुगतो, अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा लागते. पैसे दुप्पट गेले, पण नखं वाचतील.

३१ डिसेंबर, बुधवार

चार दिवसांनी पुन्हा ग्राउंडवर. उंच पोरीनं मला पळताना पाहिलं आणि स्वतःचा सराव संपवून माझ्याबरोबर आली.

"ताई, तुम्ही आमच्यासारखं पळायलाव. आमचं दोन-तीन मिनिटांत संपतं. तुमचं तासभर चालणार. बोलता येईल एवढंच पळा."

एकटीनं काय बोलायचं? मी पाढा म्हणायला लागले. सतराचा, कारण चौथीच्या पोरांना सध्या तोच अवघड जातोय. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पहिल्यांदा सतरा चोक अडुसष्टला श्वास तुटला. वेग कमी केला. इतका कमी, की बाजूनं चालणाऱ्या काकांना मी जेमतेम मागं टाकत होते. सतरा पाचे पंच्याऐंशी पार झालं. पुढच्या राऊंडला थेट एकशे सत्तरपर्यंत पोचले, आवाज न तुटता.

मग हिशोब बसवला. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. आठवड्यात तीनच दिवस पळणं, मधल्या दिवशी नुसतं चालणं. आज या पद्धतीनं बारा राऊंड झाले. जवळजवळ पाच किलोमीटर. घरी येऊन भाकरी थापताना हात थरथरत नव्हते.

३ जानेवारी, शनिवार

सावित्रीबाईंची जयंती. भाषणं झाल्यावर मुलींच्या धावण्याच्या शर्यती घेतल्या. पहिली आलेली पोरगी अनवाणी होती. चप्पल आहे, पण चप्पल घालून पळता येत नाही म्हणाली.

मग मी वर्गात अविनाश साबळेचं सांगितलं. आपल्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेला चालत, पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या खेळाडूपासून अंतर फक्त ०.०५ सेकंदाचं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत सुवर्ण.

स्टीपलचेस म्हणजे काय, ते फळ्यावर काढून दाखवलं. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ते पाणी नंतर कुठं जातं?"

आष्टीच्या पोरानं जगभर त्या पाण्यावरून उड्या मारल्या आणि माझ्या वर्गातल्या पोराला आधी पाण्याची काळजी. मला गलबलून आलं. खरं उत्तर मला माहीत नव्हतं. माहीत करून सांगते म्हणाले.

४ जानेवारी, रविवार

आज सगळ्यात मोठा सराव, आठ किलोमीटर. वीस राऊंड. मागच्या वेळी तेरा की चौदा यात गोंधळ झाला होता, ते मी घरी बोलून दाखवलं होतं. पहाटे उठले तर सासूबाई स्वेटर घालून, डोक्याला मफलर गुंडाळून दारात उभ्या. "चल. मी मोजते."

त्यांनी ओट्यात चिंचोके आणले होते, वीस. ग्राउंडच्या पायरीवर बसल्या. मी समोरून गेले की एक चिंचोका डाव्या बाजूनं उजवीकडं. मी काही बोलायचं नाही, त्याही काही बोलायच्या नाहीत. बाराव्या राऊंडला उजेड झाला तेव्हा मला ते चिंचोके दिसायला लागले, काळपट, चकाकणारे, पायरीवर ओळीनं मांडलेले. डावीकडचे कमी होत चालले होते. पाय जड झाले होते, नडगी कुरकुरत होती, पण समोर ओळ संपत आलेली दिसत असताना थांबवत नाही. शेवटचा चिंचोका त्यांनी मुठीत धरून ठेवला आणि मी पायरीपाशी थांबल्यावर माझ्या हातात दिला.

सोबत तांब्या होता. लिंबू, साखर, मीठ. लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे मीच त्यांना कधीतरी शाळेतल्या आरोग्याच्या तक्त्यावरून सांगितलेलं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

परत येताना म्हणाल्या, "दुष्काळात मी पण लई चाललेय. बाहत्तरला. खडी फोडायला जायचो सहा कोस. तवा कोण मोजलं असतं!"

९ जानेवारी, शुक्रवार

या आठवड्यात मुद्दाम कमी केलं. मंगळवारी तीन किलोमीटर, काल दोन, तेही पाढा म्हणत. भाऊ फोनवर म्हणाला, "एकदा पूर्ण दहा पळून बघ, म्हणजे खात्री होईल." मी नाही म्हणाले. या शेवटच्या दिवसांत मारलेला राऊंड रविवारी कामाला येत नाही, फक्त थकवा घेऊन येतो. खात्री नसली तरी चालेल, ताजे पाय पाहिजेत.

उंच पोरगी आज पायरीवर येऊन बसली. तिचं आठशेचं २ मिनिटं ५५ झालंय. तीन सेकंद कमी केले पोरीनं, तीन आठवड्यांत. मी टाळ्या वाजवल्या. ती बुटांची लेस सोडत होती, खाली बघतच म्हणाली, "ताई, मला एकदा टायमिंग न लावता पळायचंय. तुम्ही पळताव तसं. पाढे म्हणत."

मी तिला म्हणाले, ये ना लातूरला. ती म्हणाली, आधी भरती. मग तिनं मला नडगीला पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. खालून वर, फार आवळून नाही.

१० जानेवारी, शनिवार, लातूर

भावाच्या घरी. नंबराचा कागद मिळाला, मागं वेळ नोंदवणारी, पातळ पट्टीसारखी चिप चिकटवलेली. ती दुमडायची नाही. चार सेफ्टीपिना, चारी कोपऱ्यांना. वहिनीनं आणि मी पलंगावर टी-शर्ट पसरून मापानं लावल्या.

संध्याकाळी गंजगोलाईत गेलो. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, कुठल्या रस्त्यानं आत आलो तेच दरवेळी विसरते. नवे मोजे घेतले, चांगले होते. घरी येऊन पिशवीत ठेवून दिले. उद्या अंगावर नवीन काही नको. जुने मोजे, आठ दिवस वापरलेले बूट, बोटांमध्ये व्हॅसलीन. जेवायला वरणभात आणि थोडी भाजी. वहिनीनं ठेचा केला होता, तो उद्या रात्रीसाठी राखायला सांगितला.

चिंचोका पर्समध्ये आहे.

११ जानेवारी, रविवार

दुपारचे तीन. पाय उशीवर ठेवून लिहितेय.

गारठा होता. स्पीकरवर झुंबा, हजार माणसं, आणि मला एकदम वाटलं की आपण इथून हळूच निघून जावं. मग शिट्टी झाली आणि लोंढ्याबरोबर पाय निघालेच. पहिला किलोमीटर सात मिनिटांच्या आत झाला. माझा वेग तो नाही. गर्दी ओढून नेते. पाढा सुरू केला, तिसऱ्या ओळीलाच अडखळला. बाजूला झाले आणि ठरल्याप्रमाणे एक मिनिट चालले. पाहिलेला प्रत्येक माणूस पुढं जात होता. एका काकांनी "चला ताई, थांबू नका" म्हटलं. मी चालतच राहिले.

सहाव्या किलोमीटरला त्यातले बरेच जण रस्त्याच्या कडेनं चालताना दिसायला लागले. ते काकाही. मी माझी चार मिनिटं पळत होते, एक मिनिट चालत होते. सातव्याला नडगी जागी झाली. पट्टी जागेवर होती. तिथं पाण्याच्या टेबलावर एक शाळकरी पोरगा दोन्ही हातांत ग्लास धरून उभा होता, पूर्ण भरलेले, आणि सांडू नये म्हणून दोन्हींकडं आळीपाळीनं बघत होता. मी थांबून पूर्ण ग्लास प्यायले. ओतून दिला नाही.

शेवटचा किलोमीटर पाढा सोडून दिला. नुसती पळाले.

१ तास २४ मिनिटं.

भाऊ, वहिनी आधीच पोचले होते. पोह्यांची डिश हातात होती आणि खाता येत नव्हतं, हसूच येत होतं. सासूबाईंना फोन केला. "पंचवीस राऊंड झाले का?" म्हणाल्या. झाले म्हटलं.

मग उंच पोरीला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"ताई, टायमिंग काय आलं?"

सांगितलं. ती एक क्षण गप्प राहिली, मनात किलोमीटरनं भागत असावी. "लई भारी. उद्या रेस्ट घ्या. परवा ग्राउंडला या, पण पळू नका, नुसतं चाला. माझं आठशेचं टायमिंग लावायला कोणतरी पाहिजे."