तिकीट आधी, गाडी नंतर

"मॅडम, गाडी पळत पकडली. तिकीट तुमच्याकडूनच घेणार होतो."

नाशिक रोड सुटल्यावर स्लीपरच्या डब्यात चार तरुण मला हे अगदी हक्काने सांगत होते. टीसीच्या नोकरीत हे वाक्य कायम कानावर पडतं. गाडीत टीसी तिकीट देतोच, हा समज कुठून पसरला कोण जाणे. आम्ही पावती फाडतो ती दंडासकट.

एकाने लगेच मोबाइल काढला. "थांबा, ॲपवरून आत्ता काढतो." मी त्याला थांबवलं. त्या तिकिटावर काढल्याची वेळ येते, आणि गाडी तर कधीच सुटली होती. दंड भाड्याइतका किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते, आणि वर भाडं वेगळं. भाडं कुठून धरायचं, यावर त्यांनी वाद घातला. कुठे चढलात याची खात्री पटली नाही, तर गाडी जिथून सुटली तिथपासून, आणि मध्ये तपासणी झाली असेल तर तिथपासून भाडं लागतं. इगतपुरीला मी हाच डबा तपासला होता, म्हणून मुंबईपासूनचं भाडं वाचलं त्यांचं.

मग त्यातला एक चिडून म्हणाला, "फलाटावर त्या बाईला विदाऊट सोडलंत की! आम्हीच सापडलो का?"

त्याने पाहिलं होतं ते खरं. गाडी लागताच एक बाई धावत माझ्याकडे आली होती. कडेवर झोपलेलं पोर, मुठीत चुरगळलेल्या नोटा. "ताई, मालकांना जळगावला दवाखान्यात नेलंय. खिडकीवर ही भली मोठी रांग. पैसे आहेत माझ्याजवळ, चढू का?"

१९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम ५५ नेमकं अशा माणसांसाठी आहे. डब्यात शिरण्याआधी अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेतली, तर तो दाखला देतो. भाडं नंतर भरायचं, दंड नाही. मी तिला दाखला लिहून दिला, जनरल डब्यात जागा करून दिली आणि मनमाडला फक्त भाडं घेतलं.

समजा, ती न विचारता चढली असती, तरी रात्री तिला उतरवता आलं नसतं. सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला तिकीट नाही म्हणून उतरवायचं, तर ते दिवसाच, आणि तेही प्रवास सुरू केलेलं स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण असेल तरच. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. दंड मात्र तिलाही लागला असता, आणि आजाऱ्याकडे निघालेल्या बाईकडून तो घेणं मला फार जड गेलं असतं.

पोरांनी पैसे भरले. एकाकडे कमी पडले, ते मित्रांनी घातले. चिडलेला मुलगा जरा वेळाने दाराशी आला. "मॅडम, पुन्हा रांग असली तर काय करायचं?"

मी म्हटलं, "घरून निघतानाच ॲपवर काढ. राहिलंच तर स्टेशनवर क्यूआर कोड लावलेला असतो, मशीन असतं. तेही जमलं नाही, तर फलाटावर आम्हाला शोध. आम्ही दिसलो नाही, तर शेवटच्या डब्यात गार्ड असतात, आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यांना गाठ, पण चढायच्या आधी."